वड एवढासा, थाट केवढा!

नंदुरबार जिल्ह्यातल्या खापरला बोन्सायचे क्लासेस फुकटात चालतात, माहीत आहे का? फी नाही, सर्टिफिकेट नाही. आणि मास्तरांना चार पाय नि एक दाढी!

चेष्टा नाही हो. अक्कलकुवा तालुक्यातलं, बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावरचं हे गाव. सातपुडा शेजारी, गुजरातची हद्दही जवळच. या भागात शेताच्या बांधावरची एखादी जुनी बोर वाकून बघा. उंची गुडघ्याएवढी, पण बुंधा मनगटाहून जाड! शेळीने शेंडा खुडला की खालच्या डोळ्यांतून दोन फांद्या फुटतात. त्या खुडल्या की चार. वर्षानुवर्षं हाच उद्योग. झाड वर जात नाही, पण म्हातारं मात्र होत राहतं.

बोन्सायचं मूळ तंत्र हेच. शेंडा खुडा, फूट घ्या, पुन्हा खुडा. फक्त शेळी डिझाइनचा विचार करत नाही, आणि उरलेलं झाड संध्याकाळी पुन्हा खाते.

एक गैरसमज आधीच निकालात काढू. बोन्साय ही काही झाडाची ‘बुटकी जात’ नाही. बियाणं तेच, जनुकं तीच. ट्रेमधला वीस वर्षांचा वड उचलून नदीकाठी लावा, तो मुकाट मोठा वड व्हायला लागेल. तो लहान राहतो तो कात्रीमुळे आणि उथळ ट्रेमुळे. उपाशी ठेवून तर मुळीच नाही! उलट मोजक्या मातीत जगायचं म्हणून त्याला खत वेळच्या वेळी लागतं. ‘बिचाऱ्याला कोंडून ठेवलंय’ म्हणणाऱ्या मंडळींनी आपल्या दारातल्या तुळशीला शेवटचं खत कधी घातलं ते आठवावं.

आता जरा इतिहासाचा झटका. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटम या वृक्षउद्यानात एक पांढरा पाइन आहे. त्याला वळण लावायला सुरुवात झाली १६२५ मध्ये. म्हणजे? शिवरायांचा जन्म १६३०चा. मलिक अंबर गेला १६२६ मध्ये. दख्खनमध्ये मलिक अंबर निजामशाही सांभाळत होता, तेव्हा तिकडे जपानात हे झाड कुंडीत बसून शिस्त शिकत होतं!

थांबा, खरी गोष्ट पुढेच आहे. ६ ऑगस्ट १९४५. हे झाड हिरोशिमात, यामाकी कुटुंबाच्या नर्सरीत, बॉम्ब पडला तिथून साधारण तीन किलोमीटरवर. नर्सरीच्या भिंतीने आडोसा दिला आणि झाड वाचलं. १९७६ मध्ये अमेरिकेच्या द्विशताब्दीला जपानने ५३ बोन्साय भेट दिले, त्यात हेही गेलं. ज्यांनी बॉम्ब टाकला त्यांनाच भेट! आणि देणाऱ्याने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. २००१ मध्ये यामाकींचे नातू झाड बघायला आले, तेव्हा कुठे आर्बोरेटमला कळलं की आपण पंचवीस वर्षं कुणाला पाणी घालतोय.

टोकियोच्या राजवाड्यातही असाच एक बुजुर्ग पाइन आहे. वय सुमारे पाचशे. तिसरा तोकुगावा शोगुन इएमित्सु त्याची निगा राखायचा असं सांगतात. हा शोगुन आपल्या शहाजीराजांचा समकालीन. तलवारी गेल्या, गाद्या गेल्या, कुंडी शाबूत!

‘बोन्साय जपानचा’ असं ठोकून देताय? मग चीन रुसेल. तिथे तांग घराण्यातल्या एका राजपुत्राच्या कबरीत इसवी सन ७०६च्या सुमाराची भित्तिचित्रं आहेत. त्यात सेवक हातात छोट्या झाडांची तबकं घेऊन उभे दिसतात. तेराशे वर्षांपूर्वीचा होम डेकोर!

चला, आता पुण्यात येऊ. ‘तीन तिगाडा, काम बिगाडा’ म्हणतात ना? पुणेकरांनी चार तीन एकापुढे एक मांडले आणि थेट गिनेस बुकात गेले. २२ फेब्रुवारी २०१८. प्राजक्ता काळे यांच्या ‘बोन्साय नमस्ते’ने शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयाच्या मैदानावर एकाच ठिकाणी ३,३३३ बोन्साय मांडले आणि विश्वविक्रम केला. ‘पुण्यात पार्किंगला जागा नाही’ म्हणणाऱ्यांनो, तीन हजार झाडं पार्क झाली होती!

आणखी गंमत म्हणजे जपानी लोक चार या आकड्याला बिचकतात. त्यांच्या भाषेत चार आणि मृत्यू यांचा उच्चार एकच, ‘शी’. म्हणून ट्रेमध्ये छोटं जंगल उभारायचं तर झाडं तीन, पाच, सात किंवा नऊ लावतात. चार? नाव काढायचं नाही. आपल्याकडे तीनची धास्ती, तिकडे चारची. झाडांना दोन्ही सारखेच.

जंगलावरून आठवलं. जॉन नाका या जपानी-अमेरिकन उस्तादाचं ‘गोशिन’ हे जगातलं बहुधा सर्वांत प्रसिद्ध ट्रे-जंगल. त्यात अकरा ज्युनिपर आहेत. अकराच का? कारण नातवंडं अकरा! प्रत्येकाच्या नावाचं एक झाड. वाटणीवरून भांडणाचा प्रश्नच नाही. हे जंगलही आता वॉशिंग्टनलाच आहे.

पण ज्युनिपर आणि पाइनचे फोटो बघून तुम्ही हावरटासारखं ऑनलाइन ऑर्डर द्याल, म्हणून आत्ताच हात धरतो. ही थंड हवेतली मंडळी. नंदुरबारचा मे महिना त्यांनी पाहिलेला नाही, आणि पाहिला तर पुन्हा पाहायला उरणार नाहीत. माझं सरळ मत आहे, खान्देशात बोन्साय करायचा तर देशी झाडाचा करा. वड, पिंपळ, पिंपरी, चिंच, बोर, करवंद. उन्हाशी यांची जुनी ओळख. आणि किंमत? बहुतेक वेळा शून्य.

शून्याचा पुरावा हवा? घराच्या भिंतीवर, गटाराच्या कडेला, पाण्याच्या टाकीखाली बघा. पिंपळाचं रोप हमखास सापडेल. पक्षी फळं खातात, बिया जिथे पडतील तिथे पडतात, आणि पिंपळ विटेच्या फटीतही संसार थाटतो. बोन्सायवाल्यांची यावर नजर असतेच. फटीत अडकल्यामुळे बुंधा आधीच वाकडा-तिकडा, मुळं आधीच चपटी. निम्मं काम भिंतीने केलेलं! भिंत वाचते, झाड वाचतं, घरमालक दुवा देतो.

मात्र सातपुड्याच्या जंगलात कुदळ घेऊन शिरू नका हं. वनजमिनीतून झाड उपटणं हा गुन्हा आहे. छंद ट्रेमध्ये आणि तुम्ही कोर्टामध्ये, असं नको व्हायला.

सागाचा बोन्साय का करत नाहीत, माहीत आहे का? डोळ्यांपुढे आणा. वीतभर झाड, आणि त्यावर सुपाएवढं एकच पान! बोन्सायला लहान पानाचं झाड लागतं, म्हणजे डोळ्यांना फसवता येतं. चिंच यात टॉपर. पानं आधीच चिमुकली, साल खडबडीत, आणि काही वर्षांतच शंभरीचा आव आणते. निसर्गाने मेकअप करूनच पाठवलेली!

वडाचं पान मात्र तळहाताएवढं. मग? मग करायची कटिंग! धडधाकट झाडाची पानं वाढीच्या दिवसांत देठ ठेवून कात्रीने छाटून टाकतात. एकूण एक! झाड बोडकं होतं, घरातले हळहळतात, आणि दोन-चार आठवड्यांत नवी पालवी येते, आधीपेक्षा छोटी. पिंपळाचं पान असं करत करत दोन-तीन बोटांएवढं होतं. आजारी झाडावर हा प्रयोग केलात तर मात्र ते पुन्हा फुटणार नाही.

आणि ही बातमी घ्या: पान लहान होतं, फळ होत नाही! हातभर उंचीच्या लिंबाला लागलेलं लिंबू बाजारातल्या लिंबाएवढंच. डाळिंबाचं तेच, फुलांचंही तेच. म्हणूनच बोन्सायवरचं एक डाळिंब बघितलं की झाडापेक्षा फांदीची जास्त काळजी वाटते.

आता येऊ या खास आपल्या आयडियाकडे. महिला मंडळ, इकडे लक्ष द्या!

वटपौर्णिमा येते ज्येष्ठात, म्हणजे साधारण जूनमध्ये. वड लांब आहे म्हणून कुणी बाजारातून फांदी आणतं, पूजा होते, दुसऱ्या दिवशी फांदी कचऱ्यात. आता हे बघा: वड फांदीपासून लागतो, आणि फांदी लावायला पावसाळ्याच्या सुरुवातीसारखा मुहूर्त नाही! फांदी ताजी हवी आणि अंगठ्याएवढी जाड हवी. खालचं टोक धारदार सुरीने तिरकं कापा. पांढरा चीक वाहील, तो सुकू द्या. बहुतेक पानं काढून टाका, दोन-तीन ठेवा. भरड वाळूच्या कुंडीत रोवा, सावलीत ठेवा, आणि रोज उपटून ‘मूळ फुटलं का’ हे बघायचा मोह टाळा. नवी पालवी टिकून वाढायला लागली की समजायचं, खाली सूत जमलं. पुढच्या काही वर्षांत तुमचा हक्काचा वड तयार. सात फेऱ्या घालायला पाटाभोवतीची जागा पुरते!

फांदीतून वड उगवतो यावर विश्वास नाही? खापरहून अंकलेश्वरच्या रस्त्याला लागा आणि पुढे भरूचकडे जा. नर्मदेच्या बेटावर कबीरवड आहे. कबीरांनी दात घासून टाकलेल्या काडीचा हा वड झाला अशी आख्यायिका. काडी खरी की गोष्ट खरी, ते सोडा. वड खरा आहे आणि तो एकरांत मोजावा लागतो. एकाच जातीचं झाड एका टोकाला बेटभर आणि दुसऱ्या टोकाला ताटभर. आहे की नाही रेंज?

वड म्हटला की पारंब्या हव्यातच. पण ट्रेमधल्या वडाच्या पारंब्या हवेतच सुकून जातात. इथे कामाला येते शहाळ्याची स्ट्रॉ! कशी, ते सांगतो. फांदीखालून लोंबणारी, टोक अजून कोवळं असलेली पारंबी निवडायची. स्ट्रॉ उभी चिरायची, आत ओलसर मॉस किंवा बारीक माती भरायची, पारंबीचं टोक आत सरकवायचं, स्ट्रॉचं खालचं तोंड ट्रेच्या मातीत खुपसायचं आणि दोऱ्याने हलकं बांधायचं. आत ओल, बाहेर पावसाळी हवा. पारंबी नळीतून खाली उतरते, मातीत शिरते आणि खांब व्हायला लागते. मग स्ट्रॉ सोलून काढा. अशा दोन-तीन पारंब्या जमल्या की कुंडीतल्या झाडाला पाराचा रुबाब येतो. प्लॅस्टिकची स्ट्रॉ इतक्या पुण्यकर्माला क्वचितच लागली असेल.

बुंधा जाड करायचं सिक्रेट तर पुण्या-मुंबईच्या बाल्कनीवाल्यांना रडवतं. उथळ ट्रेमध्ये बुंधा जाड होतच नाही म्हटलं तरी चालेल! म्हणून जाणकार आधी झाड चक्क जमिनीत लावतात, काही वर्षं मोकळं वाढू देतात, बुंधा भरला की छाटून ट्रेमध्ये आणतात. लावताना मुळांखाली कौलाचा किंवा फरशीचा सपाट तुकडा ठेवतात, म्हणजे मुळं खाली न घुसता चहूबाजूंना पसरतात. आता सांगा, जमीन कुणाकडे आहे? बाल्कनीवाल्याकडे की बांधवाल्याकडे? शेताच्या कडेला दहा वड लावायचे म्हटलं तर खापरचा माणूस फक्त विचारेल, ‘फक्त दहा?’

मातीत मात्र शेतकरी हमखास घसरतो. कापसाला लाडकी असलेली काळीभोर माती ट्रेमध्ये घातली की झाड संपलं! ओली झाली की फुगते, पाणी धरून बसते, मुळं कुजतात. वाळली की तडकते आणि मुळं तोडते. बोन्सायला हवा खेळती राहणारी माती लागते. विटांचे किंवा फुटक्या कुंड्यांचे बारीक तुकडे, भरड वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत. चाळून, धूळ काढून. ट्रेच्या भोकांवर जाळी. एवढं करूनही झाड मेलंच, तर त्याचं खापर निदान कुंडीतल्या खापरावर फोडू नका.

फांद्यांना वळण द्यायला तार गुंडाळायची ती पंचेचाळीस अंशात. जाडी फांदीच्या साधारण एक तृतीयांश. ॲल्युमिनियमची तार नवशिक्यांना बरी, कारण मऊ असते. आणि पावसाळ्यात दर आठवड्याला नजर टाका. फांदी भराभर जाड होते, तार सालीत रुतते, आणि झाडावर स्प्रिंगचे वळ उमटतात. ते वळ वर्षानुवर्षं जात नाहीत.

‘जिनसेंग बोन्साय’ नावाची गुटगुटीत मुळांची कुंडी गिफ्ट आली असेल ना घरी? तिची पोलखोल करू. ते जिनसेंग नाहीच! तो नांद्रुक, वडाच्या कुळातला. मुळं फुगवायची एका झाडाची, आणि वर कलम बांधायचं बारीक पानाच्या दुसऱ्या प्रकाराचं. ‘वडाची साल पिंपळाला’ ही म्हण नव्हे, चक्क बिझनेस मॉडेल आहे!

नांद्रुकाला कमी मात्र लेखू नका. इटलीत मिलानजवळच्या क्रेस्पी बोन्साय म्युझियमचं मानाचं झाड याच, म्हणजे वडाच्या फायकस कुळातलं आहे. वय हजार वर्षांच्या वर असल्याचा त्यांचा दावा. पाइनवाल्यांची नाकं खाली!

महाग किती? २०११ मध्ये जपानात ताकामात्सुच्या बोन्साय संमेलनात एका पाइनवर दहा कोटी येनची किंमत लागली. लहान किती? ‘केशित्सुबो’ नावाचा प्रकार जेमतेम काही सेंटिमीटरचा. खसखशीच्या बोंडाएवढी कुंडी, ड्रॉपरने पाणी. शिंक आली तर तोंड फिरवा!

सातपुड्यातला अस्तंभा डोंगर माहीत असेलच. अश्वत्थामा कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत तिथे अजून फिरतो म्हणतात, दिवाळीत यात्रा भरते. बोन्सायच्या जखमांना तेल चालत नाही. तिथे कट पेस्ट, म्हणजे कापलेल्या जागेवर लावायचं मलम. झाडाची जखम खरं तर भरत नाही, बाजूची साल वाढून तिला झाकते. आणि काही उस्ताद तर मुद्दाम जखम उघडी ठेवतात! मेलेली फांदी सोलून पांढरीफटक करतात, म्हणजे वीज पडून वाचल्यासारखं झाड दिसतं. म्हातारपणाचा मेकअप करणारी ही बहुधा एकमेव कला.

बोन्साय हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवताय? चूक! एसीत तर अजिबात नाही. त्याला ऊन लागतं, वारा लागतो. पाहुणे आले की आत, गेले की बाहेर. ‘बोन्साय घरात असला की प्रगती खुंटते’ म्हणणारे वास्तूवाले यावर तरी खूश व्हावेत.

आणि पाणी! उन्हाळ्यात दिवसातून दोनदा. ट्रे कोरडा पडला असेल तर पाण्याच्या टबात बुडवा, बुडबुडे थांबले की बाहेर काढा. लग्नसराईत चार दिवस गावाला गेलात आणि शेजारच्या काकूंना सांगायचं राहिलं, तर परत येऊन थेट सरपण मिळेल.

पाण्याची ही काळजी कुठपर्यंत जाते बघा. जानेवारी २०१९ मध्ये टोकियोजवळच्या साइतामा भागात एका दांपत्याचे सात बोन्साय चोरीला गेले. एकूण किंमत एक कोटी तीस लाख येन, त्यात चारशे वर्षांचा एक ज्युनिपर. मालकीणबाईंनी फेसबुकवर काय लिहावं? शिव्या नाहीत, शाप नाहीत. चोराला विनंती, की बाबा रे, निदान त्यांना पाणी घाल!

त्याच साइतामात ओमिया नावाचं बोन्साय-गाव आहे. १९२३च्या भूकंपानंतर टोकियोचे बोन्सायवाले मोकळ्या जागेच्या शोधात इकडे आले आणि १९२५ मध्ये वस्ती उभी राहिली. राहायला यायचे तेव्हाचे नियम ऐका: घरी किमान दहा बोन्साय हवेत, फाटक सगळ्यांसाठी उघडं हवं, कुंपण झाडांचंच हवं, आणि घर दुमजली नको, म्हणजे शेजाऱ्याच्या बोन्सायवर सावली पडणार नाही. आपल्याकडे शेजाऱ्याच्या उन्हाचा एवढा विचार कोणत्या सोसायटीच्या नियमावलीत आहे, सांगा बरं!

जाता जाता तारीख लिहून ठेवा. मे महिन्याचा दुसरा शनिवार म्हणजे जागतिक बोन्साय दिन. बँकांना सुट्टी, त्यामुळे सबब चालणार नाही! पण खापरला त्या दिवशी ऊन रणरणत असणार. तेव्हा सेलिब्रेशन एवढंच करा: झाड दुपारच्या सावलीला सरकवा, सकाळ-संध्याकाळ पाणी द्या, सेल्फी काढा. कात्रीला हात नको. ती पहिला पाऊस पडल्यावर काढा, आणि तोवर शेळी मात्र दारात बांधू नका.